खरखरीचं मूळ कारण

डॉक्टरांनी ईप्सिताला सांगितलेल्या मौनाचा पाचवा दिवस होता, आणि तिच्या वाटणीचं बोलून टाकायचं काम घरातल्यांनी आपापसांत वाटून घेतलं होतं. सगळ्यांत मोठा वाटा अर्थातच मालिनीआत्यांचा. त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी भावाकडे आल्या होत्या, आणि नेकारसुल्म या जर्मन गावातल्या रविवाराइतकी रिकामी शांतता त्यांनी जन्मात अनुभवली नव्हती.

"पाच दिवस अवाक्षर नाही! आमच्या ह्यांना कुणी हे औषध दिलं असतं ना, तर माझा संसार फार सुखाचा झाला असता," भोपळ्याचं भरीत वाढून घेत त्या म्हणाल्या.

ईप्सिता हसली. आवाज न करता हसायला ती आता शिकली होती. फ्रिजवरून काढून आणलेला पांढरा बोर्ड तिच्या ताटाशेजारी होता. त्यावर तिने लिहिलं, 'आत्या, तू पण घेऊन बघ ना पाच दिवस.'

"बघितलंस, दादा? तोंड बंद ठेवूनसुद्धा उलट उत्तर देते."

ईप्सिताच्या वडिलांचं, श्रीपादरावांचं, लक्ष नव्हतं. त्यांना भात संपवून वर माळ्यावरच्या खोलीत जायची घाई झाली होती. गेले तीन आठवडे ते तिथेच बसत होते, आणि काय करता म्हणून विचारलं तर "रविवारी दाखवतो" एवढंच सांगत होते.

तो रविवार उजाडला होता. टेबलाच्या टोकाला क्लिनिकचे कागद होते. आइनविलिगुंग, म्हणजे संमतीपत्र. चार पानं आणि शेवटी सहीची रेघ. ईप्सिताच्या डाव्या स्वरतंतूवर तांदळाच्या कणीएवढी गाठ होती, आणि मंगळवारी सकाळी ती काढायची की नाही हे आज ठरायचं होतं. काढली तर दोन महिने गाणं बंद, म्हणजे ऑक्टोबरात माद्रिदला सुरू होऊन कोलंबियातल्या मेदेयीनला संपणारा दौरा रद्द. नाही काढली तर? तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कदाचित दहा वर्षं काही होणार नाही. कदाचित तिसऱ्याच कार्यक्रमात रक्त येईल आणि आवाज कायमचा जाईल. मी ज्योतिषी नाही."

एवढंच असतं तर ठरवणं सोपं होतं. पण ईप्सिताच्या आवाजातली ती खरखर, जिच्यावर परक्या खंडातली माणसं जीव ओवाळून टाकत होती, ती याच गाठीची होती. गाठ गेली की ती जाणार. तिच्या जागी कसला आवाज येईल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"मला तर बाई सुरी म्हटलं की धडकीच भरते," सुलेखाबाई ताटं उचलता उचलता म्हणाल्या. "गळ्यात सुरी घालायची म्हणजे काय? प्रणव म्हणतो तेच बरोबर आहे. राहू दे आहे तसं."

प्रणवने चमकून आईकडे पाहिलं. आई आणि तो एका बाजूला, असं या घरात शेवटचं कधी झालं होतं ते त्याला आठवेना. दोन वर्षांपूर्वी इंगोलश्टाटची इंजिनिअरची नोकरी सोडून तो बहिणीचा मॅनेजर झाला, तेव्हा सहा महिने आई त्याच्याशी फक्त हवामानाबद्दल बोलत होती.

जेवणं आटोपली तसा तो ईप्सिताला घेऊन मागच्या बाल्कनीत गेला. समोर टेकडीवर द्राक्षांचे मळे होते. सप्टेंबरचं जाडसर पिवळं ऊन वेलींच्या रांगांवर पसरलं होतं, आणि कुठे पान हलत नव्हतं. खिशातला फोन थरथरला. माद्रिदचा आयोजक रविवार पाळत नव्हता. उद्या सकाळी नऊपर्यंत त्याला हो किंवा नाही हवं होतं.

"इप्सी, मी तुला फोर्स करत नाहीये, ओके?" प्रणव म्हणाला. "तुझा गळा आहे. पण आल्झो, म्हणजे... मला खरं बोलू दे. स्वच्छ आवाज ढिगाने आहेत गं. लोक त्याच्यासाठी येत नाहीत. ते ला रोंकासाठी येतात."

ला रोंका. घोगरी. हे नाव तिला मेदेयीनने दिलं होतं. बर्लिनला आर्किटेक्चर शिकायला गेलेली आपली बहीण दर गुरुवारी क्रॉयत्सबेर्गच्या एका बारमध्ये साल्साच्या बँडमागे उभी राहून गाते, हे प्रणवला दोन वर्षांनी कळलं होतं आणि घरी पाच वर्षांनी. मग सगळं जग घरात कोंडलं गेलं, त्या वसंतात बँडमधल्या ऑस्करने तिला तिच्याच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून एक बोलेरो, एक संथ स्पॅनिश प्रेमगीत, म्हणायला लावला आणि तो फोनवर टिपून आपल्या आईला कोलंबियात पाठवला. आईने तो शेजारणीला पाठवला. शेजारणीचा भाऊ रेडिओवर होता. त्याने तो महिनाभर रोज सकाळी सहाला लावला, आणि लोक विचारायला लागले, ही घोगरी कोण? ती हिंदुस्थानी आहे, जर्मनीत वाढली आहे, हे कळल्यावर आधी कुणाचा विश्वास बसेना, आणि बसल्यावर तर ती त्यांना जास्तच आपली वाटायला लागली. आता तिथल्या टॅक्सीवाल्यांच्या आरशाला तिचा फोटो लटकतो. तिच्यासारखा आवाज यावा म्हणून शाळकरी मुली उशीत तोंड खुपसून ओरडतात. गेल्या डिसेंबरात वीस हजार माणसं उघड्या मैदानात तिच्याबरोबर गात होती, आणि प्रणव स्टेजच्या कडेला उभा राहून रडला होता. ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण ईप्सिताने पाहिलं होतं.

"तू ऑपरेशन केलंस आणि त्यांनी म्हटलं, ही ती नाही, तर?" त्याने विचारलं.

ईप्सिताने बोर्डवर लिहिलं, 'मग मी कोण?' लिहून झाल्यावर तिने स्वतःच ते वाचलं आणि तळहाताने पुसून टाकलं. प्रणवने तोवर फोन बाहेर काढला होता.

तेवढ्यात वरून हाक आली. "चला! सगळे वर या. मालू, तू पण. येताना चपला काढून या, फळ्या वाजतात."

माळ्यावरची ती खोली म्हणजे श्रीपादरावांचं दुसरं ऑफिस. नोकरीतली सदतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या ध्वनी विभागात काढली होती. गाडीत नको तो आवाज कुठून येतो ते शोधून काढायचं आणि तो बंद करायचा, हे त्यांचं काम. सीटखालची एक सैल क्लिप त्यांनी एकदा धावत्या गाडीत डोळे मिटून, नुसत्या कानांनी पकडली होती. ती गोष्ट त्यांच्या निरोपसमारंभात तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितली. अशा माणसाच्या पोटी खरखरीसाठी प्रसिद्ध झालेली मुलगी जन्मावी, यावर मालिनीआत्या आल्या दिवसापासून हसत होत्या. श्रीपादरावांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. गाडी परक्याची असते. मुलगी आपली.

"हे तिचं ते गाजलेलं खिडकीचं गाणं," ते म्हणाले. "मूळ रेकॉर्डिंग सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मी त्यातली खरखर वेगळी काढली. एकदम नाही निघत ती, दर सुरावर वेगळी असते. तीन आठवडे लागले. आता गाठ नसेल तर ईपूचा आवाज साधारण कसा लागेल, ते ऐका. साधारण. मी डॉक्टर नाही."

त्यांनी छताची तिरकी खिडकी बंद केली, पडदा ओढला. माळ्यावर दुपारचा तपकिरी अंधार झाला. गरम लाकडाचा वास येत होता. चौघं जण जुन्या गालिच्यावर आणि दिवाणावर बसली, आणि श्रीपादरावांनी बटण दाबलं.

आधी गिटार आली. मग तो आवाज.

तो सरळ वर चढत गेला. कुठे अडला नाही, कुठे घासला नाही. स्पॅनिश शब्द त्यातून असे निघत होते की जणू कुणी ओल्या हाताने पाटी पुसत चाललंय. मालिनीआत्यांचा हात आपोआप गालावर गेला. सुलेखाबाईंनी डोळे मिटले होते. गाणं संपलं.

"वहिनी," मालिनीआत्या हळूच म्हणाल्या, "अहो, हा तर तुमचा आवाज."

सुलेखाबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"दादा, तुला नाही आठवत? तुमच्या साखरपुड्याला गायल्या होत्या वहिनी. आपल्या बाबांनी चहाचा कप खाली ठेवला होता. बाबांनी! अगदी हाच आवाज. जसाच्या तसा."

ते खरं होतं. सुलेखाबाईंनी तो पहिल्याच ओळीला ओळखला होता. चोवीस वर्षांच्या वयात पुणे आकाशवाणीच्या स्टुडिओत त्यांनी तो आवाज लावला होता, पास झाल्याचं पत्र आलं होतं, आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं होतं. मग हे गाव, बर्फ, पातळ भिंतींचा फ्लॅट, खालच्या मजल्यावरून छताला ठोठावणारी झाडूची काठी. तो आवाज त्यांनी आधी हळू केला, मग दिवसातून एकदा केला, आणि मग मुलगी झाल्यावर तो सगळाच्या सगळा तिच्या गळ्यात घालायचा ठरवला. तिथे तो लागला नाही असं त्या अठरा वर्षं समजत होत्या. तर तो होता. खरखरीच्या खाली अख्खा होता. त्यांना इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

"करून टाकू या ऑपरेशन," त्या म्हणाल्या.

"आई!" प्रणव म्हणाला. "आत्ता जेवताना तू माझ्या बाजूने होतीस!"

"तेव्हा मी ऐकलं नव्हतं."

"अगं, पण हे ऐकून मेदेयीनमधलं कुणी तिला ओळखणार पण नाही!"

"न ओळखू दे. मी ओळखते ना."

ईप्सिता दिवाणाच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. आजूबाजूचं बोलणं तिच्यापर्यंत पाण्याखालून यावं तसं येत होतं. ती अजून त्या आवाजातच होती. तो सुंदर होता, आणि तिला त्याची भीती वाटत होती. आपल्याच कपड्यांत, आपल्याच श्वासावर, दुसरी कुणी बाई गात होती.

तिला मेदेयीनची ती संध्याकाळ दिसली. डोंगरांच्या मधल्या वाटीत साचलेली ऊब, फुलं विकणाऱ्या बायांच्या पाट्या, आणि तिने पहिला शब्द उच्चारल्यावर वीस हजार लोकांनी एकदम सोडलेला सुस्कारा. त्या सुस्काऱ्यासाठी ती काहीही करायला तयार होती, आणि करतही होती. कारण तिथून पुढचं प्रणवलाही ठाऊक नव्हतं. खोलीवर गेल्यावर ती बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत तासभर बसायची. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. कधी कधी कळ कानापर्यंत चढायची आणि सकाळपर्यंत उतरायची नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर सगळे मिळून थांबवतील, आणि थांबली तर ती ला रोंका राहणार नाही. शिवाय कुणी विचारलंही नव्हतं. ती किती सुंदर गाते, किती शहरांत गाते, कधी परत येते, सगळं विचारून झालं होतं. आत्ता, या खोलीत, तिच्या गळ्याबद्दल दोन तास बोलणाऱ्या चार माणसांपैकी एकानेही ते विचारलं नव्हतं, आणि तिला तेवढी एकच गोष्ट कुणीतरी विचारावी असं फार वाटत होतं.

"कॉफी घेऊ या," श्रीपादराव म्हणाले. "मग रिपोर्ट वाटतो."

"रिपोर्ट?" प्रणवने विचारलं.

"हो. आठ पायऱ्यांचा. कुठलाही बिघाड आला की कारखान्यात आम्ही तो करतोच. त्याशिवाय निर्णय घेत नाहीत." त्यांनी टेबलाच्या खणातून चार प्रती काढल्या. प्रत्येक प्रत प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये, कोपऱ्यात स्टेपल मारलेली. पहिल्या पानावर ईप्सिताचं नाव आणि खाली जर्मनमध्ये लिहिलेलं, 'स्वरातील अनियमित कंपन'.

मालिनीआत्यांना हसू आवरेना. "दादा, पोरीच्या गळ्याचा रिपोर्ट! धन्य आहेस बाबा तू."

खाली जेवणाच्या टेबलावर आलुबुखाराचा केक कापला गेला. केकवर दोन मधमाश्या घिरट्या घालत होत्या. प्रणव आणि मालिनीआत्यांनी रिपोर्टची पहिली दोन पानं चाळली, आलेख पाहिले, आणि सगळेच कुठलाही रिपोर्ट करतात तसं तो बाजूला ठेवून दिला. सुलेखाबाईंची गोष्ट वेगळी. मंडळाच्या दिवाळी अंकाची प्रुफं त्या वीस वर्षं तपासत आल्या होत्या. हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना खाली ठेवताच येत नसे. त्यांनी चष्मा लावला आणि पानं उलटायला सुरुवात केली.

सहाव्या पानावर त्या थांबल्या. मग त्यांनी मोठ्याने वाचलं. आवाज अगदी सरळ होता.

"पायरी चौथी. मूळ कारण. आठ फेब्रुवारी दोन हजार सातपर्यंतच्या रियाजाच्या कॅसेटींत दोष आढळत नाही. एक मार्चनंतरच्या प्रत्येक कॅसेटीत आढळतो. या काळात अंगात ताप असताना रोज पहाटे खर्जाचा रियाज. कालावधी तीन आठवडे. जबाबदार व्यक्ती, सुलेखा."

केकवरची एक मधमाशी उडून खिडकीच्या काचेवर आपटली.

"अहो, हे काय आहे?"

श्रीपादरावांचा चेहरा पडला. "ते... ते मागचं पान आहे गं. ते कुणी वाचत नाही."

"मी वाचते."

"मी काढूनच टाकणार होतो ते. पण चौथी पायरी रिकामी ठेवली की रिपोर्ट परत येतो. म्हणजे, यायचा. सदतीस वर्षं..." त्यांना आपण काय बोलतोय ते ऐकू आलं. सगळ्या जगातले दोष शोधून काढणाऱ्या माणसाला आपल्या बायकोच्या तोंडावर काय उमटलंय ते बघवत नव्हतं.

"बाबा, इम एर्न्स्ट? खरंच तुम्ही आईवर रिपोर्ट केलात?" प्रणव उभा राहिला. आणि मग, उभाच आहे तर, आईकडे वळला. "पण ते खोटं नाहीये, आई. मला आठवतंय. एकोणचाळीस डिग्री ताप होता तिला. मी शाल घेऊन आलो तर तू मला खोलीबाहेर काढलंस."

"पाडव्याचा कार्यक्रम होता," सुलेखाबाई म्हणाल्या. "पुण्याहून पाहुणे येणार होते. तिचं पहिलं मोठं गाणं होतं. मला वाटलं..."

"अरे, तेव्हा सगळेच तसं सांगायचे," मालिनीआत्या मध्ये पडल्या. मघाशी हसणाऱ्या आत्या आता वहिनींच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. "बसलेला आवाज खर्ज लावला की मोकळा होतो. आमचे मास्तरही तेच म्हणायचे. वहिनींनी काय मुद्दाम केलं? आणि दादा, तू तेव्हा कुठे होतास रे? घरातच होतास ना? तुला एवढे कान आहेत!"

"मी टेस्ट ट्रॅकवर होतो. स्वीडनला. बर्फातली चाचणी," श्रीपादराव पुटपुटले.

"मग तेही लिही तुझ्या रकान्यात!"

"म्हणूनच म्हणतो, काढू या ती गाठ," श्रीपादराव काकुळतीला येऊन म्हणाले. "आपल्याकडून बिघडलंय, आपणच दुरुस्त करू."

"बिघडलंय कुठे?" प्रणव म्हणाला. "बाबा, ती त्या बिघाडामुळे तिथे पोचली! लोक त्यावर प्रेम करतात!"

ईप्सिता लिहीत होती. तिने बोर्ड आईपुढे सरकवला. 'आई, तू ते केलं नसतंस तर मी ला रोंका झालेच नसते.'

ते तिने मनापासून लिहिलं होतं. त्या वर्षी गळ्याच्या डॉक्टरांकडून आल्यावर आईने तंबोऱ्यावर गवसणी चढवली होती आणि म्हटलं होतं, आता ख्याल नाही जमायचा. एकोणीस वर्षांच्या ईप्सिताला त्या दिवशी रडू आलं होतं, आणि रडता रडता खूप हलकंही वाटलं होतं. तो बिघाड झाला नसता तर बर्लिन नाही, गुरुवार नाही, ऑस्कर नाही, ते मैदान नाही. पण सुलेखाबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि त्यांना कळेना की हे आभार आहेत की आरोप. कदाचित लिहिणारीलाही कळत नव्हतं.

"बघ! तीच म्हणते," प्रणवने बोर्डवर बोट ठेवलं. "मग कशाला काढायची?"

"अरे, पण रक्त आलं तर? धोका किती आहे तो पाचव्या पानावर दिलाय मी," श्रीपादराव म्हणाले.

"तुमचं पान राहू द्या, बाबा!"

"दादा, तू आता एक शब्द बोलू नकोस बघ," मालिनीआत्या म्हणाल्या, आणि मग तिघंही एकदम बोलायला लागली. रविवारची रूएत्साइट, म्हणजे शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास न देण्याची वेळ, चालू होती. समोरच्या घराची खिडकी किंचित उघडली, आणि कुणी बघत नाही असं दाखवत पुन्हा बंद झाली.

सुलेखाबाई मात्र ईप्सिताकडे बघत होत्या. गाणाऱ्या मुलीकडे त्यांनी आयुष्यभर कानांनी पाहिलं होतं. सूर खरा लागला का, श्वास कुठे घेतला, मींड कुठे तुटली. आज ती गात नव्हती, बोलतही नव्हती, आणि ऐकण्यासारखं काहीच उरलं नसल्यामुळे बहुधा पहिल्यांदाच त्या तिला नुसत्या बघत होत्या. सदतीस वर्षांची बाई. डोळ्यांखाली काळं. केकचा एकच घास तोडलेला, आणि तोही बशीतच. पाण्याचा घोट घेताना ती मान किंचित डावीकडे कलती करत होती, आणि घोट खाली जाईपर्यंत तिची बोटं टेबलाची कड धरून राहत होती.

"ईपू," त्या म्हणाल्या, "दुखतं का गं?"

बाकीचे बोलायचे थांबले. इतका साधा प्रश्न होता की आधी कुणाला तो नीट समजलाच नाही.

ईप्सिताने पेन उचललं नाही. तिने मान हलवली. हो.

"कधीपासून?"

तिने तीन बोटं वर केली.

"तीन महिने?"

नाही.

"तीन वर्षं?" सुलेखाबाईंचा आवाज आता सरळ राहिला नव्हता.

हो.

"रोज? गाताना?"

मग तिने लिहिलं. अक्षरं वाकडी येत होती. 'गाताना नाही. टाळ्या थांबल्या की.'

श्रीपादराव हळूच खुर्चीवर बसले. त्यांनी तीन आठवडे त्या आवाजाचा एकेक कण सोडवून पाहिला होता. प्रत्येक सुराचा आलेख काढला होता. त्यांच्या रिपोर्टात दुखण्यासाठी रकानाच नव्हता. मशीन दुखत नसतं, म्हणून त्यांना तो कधी लागलाच नव्हता. प्रणव खिडकीशी उभा होता. त्याला हॉटेलांचे लांबलचक कॉरिडॉर आठवत होते, कार्यक्रमानंतर दार बंद करताना ईप्सिताने केलेला हात. थकलेय, उद्या बोलू. मोठी गायिका झाली, आता मूड सांभाळायचे, असं मनात म्हणून तो खाली जाऊन आयोजकांबरोबर बिअर प्यायचा. शंभरएक संध्याकाळी तरी असतील.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्याने तो उचलला आणि इंग्रजीत बोलला. "नाही, उद्यापर्यंत थांबायची गरज नाही. दौरा होणार नाही. नाही, पुढे ढकललेला नाही. रद्द. कारण? माझी बहीण आजारी आहे." पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत राहिलं. "या," प्रणव सवयीने जर्मनमध्ये हो म्हणाला, "माहिती आहे मला," आणि त्याने फोन बंद केला.

सुलेखाबाईंनी संमतीपत्राचं शेवटचं पान काढून मुलीपुढे ठेवलं. मग मधेच थांबून त्यावर आपला हात पालथा ठेवला.

"एक सांगते. नंतर तुझा कुठला आवाज येईल, मला माहीत नाही. मघाचा तो माझा होता, तो तुझ्यात यावा असं मला वाटलं, आत्ता दोन तासांपूर्वी वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तो नको. त्या लोकांना आवडतो तोही, यायचा तर येईल." त्यांनी कागदावरचा हात उचलला. "आणि नाहीच आला कुठला, तरी चालेल मला."

हे वाक्य तिला याआधी कुणी म्हटलं नव्हतं, ना आईने, ना वीस हजार लोकांनी. ईप्सिताने सही केली. नाव पूर्ण लिहिलं, खाली तारीख घातली, आणि पेनचं टोपण नीट लावलं. मग तिचे खांदे हलायला लागले. तिने तोंडावर हात दाबून धरला, कारण हुंदका आतून ढकलत वर येत होता.

सुलेखाबाई उठल्या आणि त्यांनी तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"रड," त्या म्हणाल्या. "फक्त आवाज करू नकोस, राणी. मी आहे."